पिल्लू आणतेयस? आधी फिनेल उचल

निवाऱ्यातलं ते मांजराचं भुरं पिल्लू तुझ्या ओढणीला लोंबकळलं आणि तू विरघळलीस, कळलं मला. आण खुशाल. जमलं तर त्याचं भावंडही आण. एकटं असलं की रात्री दोनला तुझेच अंगठे चावणार.

आपल्या सांगलीत दुधाला तोटा नाही, म्हणून वाटीभर म्हशीचं दूध पुढ्यात ठेवू नकोस. हगवण लागते. पिल्लांचं खाणं नि पाणी, बास.

आणि ते फिनेल! आपल्याकडे रोज त्यानंच फरशी पुसतात. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि ते विष त्याच्या यकृताला पचत नाही. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. दोरा, रबर, संक्रांतीचा मांजा उचलून ठेव. खेळता खेळता गिळतात.

पहिले चार-पाच दिवस एकाच खोलीत ठेव, ट्रेमध्ये वाळू घाल. जंताचं औषध झालंय का, हे निवाऱ्यात विचारून घे. पहिली लस साधारण 8 आठवड्यांना, रेबीजची 12 ला. पाचव्या-सहाव्या महिन्यात नसबंदी. सासूबाई नको म्हणतील, तरी कर.

हातानं मात्र खेळवू नकोस. माझ्या मनगटावरचे ओरखडे पाहिलेस ना?