फौजी पेन्शन आणि प्राप्तिकर: वाचकांचे प्रश्न

(उत्तरे आर्थिक वर्ष २०२५-२६ मधील उत्पन्नासाठी आहेत.)

प्रश्न : सुभेदार म्हणून निवृत्त होऊन बँकेत नोकरीला लागलो. पेन्शन वर्षाला ५ लाख, पगार साडेनऊ लाख. दोन्हीकडे टीडीएस शून्य. मग विवरणपत्रातही कर शून्यच ना? (सातारा)

नाही. पन्नाशीच्या आत दुसरी नोकरी धरणाऱ्या माजी सैनिकांना सर्वांत मोठा फटका इथेच बसतो. सेवेची पेन्शन करमाफ नसते. ती ‘पगार’ याच सदरात येते. पेन्शन देणाऱ्या संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ प्रणालीला तुमचा पगार दिसत नाही आणि बँकेला पेन्शन दिसत नाही. दोघेही आपापली रक्कम १२ लाखांच्या आत आहे असे पाहतात, प्रमाणित वजावटही (पगार-पेन्शनमधून सरसकट वजा होणारी रक्कम) आपापल्या परीने देतात आणि कर कापत नाहीत. विवरणपत्रात मात्र बेरीज होते १४.५ लाख. ७५ हजारांची वजावट एकदाच मिळते, म्हणून करपात्र उत्पन्न १३.७५ लाख. ते १२ लाखांपलीकडे गेल्याने, तिथपर्यंतचा कर शून्य करणारी सवलत उरत नाही. नव्या करप्रणालीत कर ८६,२५० आणि ४ टक्के उपकरासह ८९,७०० रुपये. वर आगाऊ कर न भरल्याचे दरमहा १ टक्का व्याज. आता यंदा बँकेच्या वेतन विभागाला पेन्शनचा आकडा लेखी कळवा, म्हणजे कर दरमहा कापला जाईल.

प्रश्न : अर्धी पेन्शन विकली. एकरकमी मिळालेल्या पैशावर कर लागेल का?

नाही. सैन्यदलातून निवृत्त होताना मिळालेली ही रक्कम पूर्ण करमाफ, आणि ग्रॅच्युइटीही. विकलेल्या भागाची दरमहा कपात होऊन उरते तीच पेन्शन उत्पन्नात धरा. विकलेला भाग पुन्हा त्यात मिळवू नका. पंधरा वर्षांनी तो पूर्ववत सुरू झाला की करपात्र होतो.

प्रश्न : सेवेत पायाला कायमची इजा झाली, तरी पूर्ण मुदत करून निवृत्त झालो. अपंगत्व पेन्शन करमुक्त धरू का?

तुम्ही नोकरी कशी सोडलीत यावर ते ठरते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २४ जून २०१९ च्या परिपत्रकानुसार, सेवेमुळे आलेल्या किंवा सेवेत बळावलेल्या अपंगत्वामुळे ज्यांना सेवेतून बाहेर काढले गेले, त्यांनाच माफी आहे. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना नाही. हा भेद मला अन्यायाचा वाटतो. इजा तीच, वेदना तीच, आणि जो लंगडत का होईना शेवटच्या दिवसापर्यंत ड्यूटीवर उभा राहिला त्याच्यावरच कर! तरीही विवरणपत्र भरताना हे परिपत्रक डोळ्यांसमोर ठेवा. तुमच्या पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) सेवामुक्तीचे कारण काय लिहिले आहे ते आधी वाचा. वैद्यकीय कारणाने बाहेर काढल्याची नोंद असेल, तर सेवेचा भाग आणि अपंगत्वाचा भाग, दोन्ही करमाफ.

प्रश्न : पती सीमेवर चकमकीत शहीद झाले. कुटुंब पेन्शनमधून कर कापला जातो. हे बरोबर आहे का? (कोल्हापूर)

ताई, नाही. मोहिमेवर कर्तव्य बजावताना वीरगती मिळालेल्या जवानाच्या पत्नीची, मुलांची किंवा नामनिर्देशित वारसाची कुटुंब पेन्शन करमुक्त असते. पती शेवटी जिथे सेवेत होते त्या विभागाच्या प्रमुखाचे प्रमाणपत्र लागते. ते हाती नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, पत्रव्यवहाराला तिथे मदत मागा. कापलेला कर विवरणपत्र भरून परत मागता येतो. तो तुमचा हक्क आहे, संकोच करू नका.

परमवीर, महावीर किंवा वीर चक्र मिळालेल्यांची पेन्शन आणि त्यांच्या कुटुंबाची पेन्शनही करमाफ आहे. निवृत्तीनंतर आजारपणात निधन झाले असेल, तर मात्र कुटुंब पेन्शन ‘इतर उत्पन्न’ म्हणून करपात्र. नव्या प्रणालीत एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांतली कमी रक्कम वजा होते.

प्रश्न : ‘वन रँक वन पेन्शन’ची (समान हुद्दा व सेवेला समान पेन्शन) थकबाकी एकदम मिळाली. सगळा कर याच वर्षी?

कर मिळाल्या वर्षीच, पण मागील वर्षांत ती वाटून हिशेब केल्यास कर कमी होत असेल तर फरकाची सवलत मिळते. त्यासाठी विवरणपत्राआधी प्राप्तिकराच्या पोर्टलवर फॉर्म १०ई भरा. तो नसेल तर सवलत नाकारली जाते.