फुकट वाजवायचं, पण कुठे?

प्रश्न: मी डोंबिवलीत राहतो, बँकेत नोकरी करतो. संवादिनी रीतसर शिकलोय आणि हौसेने साथ करतो. आमच्या भागातल्या एका मंडळाच्या दिवाळी पहाटेला गेली काही वर्षं विनामूल्य वाजवतोय. कार्यक्रमाला तिकीट असतं. आता कळलं, की माझ्याआधी तिथे एक व्यावसायिक वादक पाकीट घेऊन वाजवायचे. मी फुकट मिळतो म्हणून त्यांना बोलावणं थांबलं. ते आता समोर आले तरी बोलत नाहीत. मला पैशांची गरज नाही, शिवाय कला विकू नये हा गुरुजींचा संस्कार. बायको म्हणते, मानधन घ्या. काय करू?
– एक हौशी वादक

उत्तर:
नमस्कार,

वहिनींचं बरोबर आहे. तुम्हाला गरज नाही हे खरं, पण इथे तुमची गरज मोजायचीच नाहीये. त्या पहाटे मांडववाला, साउंडवाला, निवेदक, गायिका यांच्यापैकी कोण फुकट येतं? वर तिकीट आहेच. अशा ठिकाणी तुमच्या विनामूल्य वाजवण्याने मंडळाचा खर्च वाचतो, आणि तो त्या वादकांच्या मिळकतीतून वाचतो.

साथीदाराचं वर्ष कसं जातं बघा. गणपती, नवरात्र, कोजागिरी, दिवाळी या दोन-तीन महिन्यांत हाताला काम असतं. बाकी बराच काळ शिकवण्यांवर ढकलायचा. त्यात सगळ्या दिवाळी पहाटा त्याच तीन-चार सकाळी येतात. एक तारीख हातची गेली की तिची भरपाई पुढच्या महिन्यात होत नाही.

गुरुजींचा संस्कार मी हलका लेखत नाही. जिथे कीर्तन करावं तिथे अन्नही घेऊ नये, असं तुकोबांनी सांगितलं. द्रव्य घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यालाही त्यांनी सोडलं नाही. पण ते हरिकीर्तनाबद्दल आहे, तिथे दारावर कोणी तिकीट फाडत नाही. आणि नारदीय कीर्तनकाराला बिदागी द्यायची रीतही आपलीच आहे.

कायदाही असाच फरक करतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये हौशी मंडळांना दुसऱ्याच्या रचना सादर करायला सूट आहे. अट अशी, की प्रेक्षकांकडून पैसे घेतलेले नसावेत किंवा कार्यक्रम धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असावा. म्हणजे नुसतं हौशी असून भागत नाही, समोरचा पैसे मोजून बसलाय का हेही पाहिलं जातं. मला ही कसोटी फार पटते.

म्हणून हौशी माणसाने फुकट वाजवूच नये, असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. काकड आरती, भजनी मंडळ, वृद्धाश्रम, कुणाच्या घरची बैठक, शाळेचं स्नेहसंमेलन... तिथे मनसोक्त वाजवा आणि कोणी पाकीट पुढे केलं तरी घेऊ नका. गावोगावचं गाणं अशाच माणसांनी टिकवलंय. तुमचे गुरुजी हेच सांगत असणार.

आता यंदाचं. तारखा पक्क्या व्हायच्या आत मंडळाच्या कार्यवाहांना भेटा. म्हणा, ‘यंदा त्यांनाच बोलवा आणि आजच्या दराने पाकीट द्या. ते मोकळे नसतील तर मी येतो, पण त्याच दराने.’ निम्म्यात तयार होऊ नका, त्यानेही दर पडतोच. ते ‘आपलाच कार्यक्रम आहे हो’ म्हणतील, शाल-श्रीफळाचं बोलतील. ऐकून घ्या, पण आकडा बदलू नका. घेतलेले पैसे ठेवायचे नसतील, तर एखाद्या होतकरू विद्यार्थ्याच्या पेटीच्या दुरुस्तीला द्या. मात्र मानधन घेण्याआधी बँकेची परवानगी लागते का, ते विचारून घ्या.

त्या वादकांना फोन जरूर करा, पण कार्यवाहांशी बोलून झाल्यावर. नुसती दिलगिरी ऐकून त्यांच्या हाती काय लागणार? मंडळाशी काय बोललात ते सांगा. लगेच मोकळेपणाने बोलतील अशी अपेक्षा मात्र धरू नका, त्यांनी काही दिवाळ्या गमावल्या आहेत.

– तुमची ताई