वडिलांच्या डोळ्यात ओझुर्डेक्स इम्प्लांट घालायला सांगितलंय. मुंबईत नक्की किती खर्च येतो?

तुम्हाला दादरला ३२ हजार सांगितले आणि अंधेरीच्या मोठ्या हॉस्पिटलात ५१ हजार, म्हणून तुम्ही चक्रावला आहात. माझ्या आईच्या उजव्या डोळ्यात हे इम्प्लांट, म्हणजे डोळ्याच्या पडद्याची सूज उतरवणारी औषधाची बारीक काडी, २०२२ ते २०२४ या काळात तीनदा घातलं. तिन्ही बिलं अजून फायलीत आहेत, त्यावरून सांगते. मी बँकेत क्लार्क आहे, त्यामुळे डोळ्याचं डॉक्टरांना विचारा, बिलाचं मला.

पहिलं बिल ३३,४०० झालं होतं. त्यात नुसता औषधाचा डबाच पाव लाखाच्या जरा अलीकडे. बाकी थिएटर, डॉक्टरांची फी, थेंब, आणि ‘कन्झ्युमेबल्स’ नावाचा एक रकाना, ज्यात काय काय कोंबतात ते देव जाणे. डबा दादरला फोडला काय नि अंधेरीला फोडला काय, आतली वस्तू तीच, एकाच कंपनीची. वरचे पैसे जातात ते खोलीचे आणि नावाचे. तेव्हा दोन्हीकडे फोन करून एवढंच विचारा, की औषध एमआरपीने लावता का, आणि औषध सोडून पॅकेज केवढ्याचं? तिसऱ्या खेपेला मी नुसतं विचारलं तर औषधावर दोन हजार कमी झाले. आधी दोनदा तोंड का उघडलं नाही याची चुटपुट अजून आहे.

एवढे पैसे कशाचे, हे मीही विचारलं होतं. लिहायच्या पेन्सिलीत आपण ०.५ चं शिसं घालतो ना, त्याचा सहा मिलिमीटरचा तुकडा डोळ्यासमोर आणा. तेवढीच काडी. त्यात ०.७ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड, आणि ते धरून ठेवणारा एक पदार्थ, जो डोळ्यातच हळूहळू विरघळून जातो. काढायला पुन्हा ऑपरेशन लागत नाही. आईने किंमत ऐकली आणि म्हणाली, “एवढ्याशा काडीत अर्धा तोळा सोनं गेलं की गं!” तेव्हाच्या भावाने हिशेब बरोबर होता.

प्रत्यक्ष काम दहा मिनिटांचं. आधी बाहुली मोठी करायचे थेंब, मग भूल देणारे थेंब, मग बीटाडिन, जे आईच्या मते सगळ्यात वाईट. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, “आजी, टक् असा आवाज येईल, दचकायचं नाही.” तरी ती दचकलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाली, कपात काडी पडलीय. कपात काही नव्हतं, तिला तिच्या डोळ्यातलीच दिसत होती. पुढे ती दिसेनाशी झाली.

आता खरी गोम. ३२ की ५१, हा एका वेळचा आकडा आहे. कागदावर सहा महिन्यांपर्यंत असर म्हणतात, पण आईची सूज साधारण चार महिन्यांनी परत डोकं वर काढायची, आणि डॉक्टर म्हणाले की बऱ्याच जणांचं असंच होतं. म्हणून हिशेब वर्षाचा मांडा. दर खेपेला आधी आणि नंतर ओसीटी स्कॅन, म्हणजे सूज दाखवणारा पडद्याचा फोटो (आमच्याकडे १,८०० एकदाचे), शिवाय डोळ्याचं प्रेशर तपासायला फेऱ्या. स्टेरॉइडने प्रेशर वाढू शकतं, आणि ते बहुतेक दीड-दोन महिन्यांनी सगळ्यात जास्त असतं. आईचं २७ वर गेलं होतं, तीन महिने थेंब घातले. थेंब फार महाग नाहीत, पण भांडुपहून दादर, वर तिच्यासाठी टॅक्सी आणि माझी अर्धी रजा, हे कुठल्याच बिलात येत नाही.

दुसरं औषध चालेल का, हेही डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. बेव्हासिझुमॅब मुळात कर्करोगाचं औषध, पण या सुजेसाठी डोळ्यातही टोचतात; त्याची एक कुपी अनेकांत वाटून देतात म्हणून बरंच स्वस्त पडतं. रॅनिबिझुमॅबचं भारतीय बनावटीचं इंजेक्शनही २०१५ पासून मिळतंय. पण ही सुरुवातीला दर महिन्याला घ्यावी लागतात. आईला दरमहा आणणं झेपत नव्हतं, आम्ही काडी निवडली ती त्यासाठी.

मेडिक्लेम असेल तर तो सोडू नका. आमचा दावा पहिल्यांदा “२४ तास भरती नाही” म्हणून परत आला. विमा नियामकाने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी काढली, त्यात डोळ्याच्या आत द्यायची (इंट्राव्हिट्रिअल) इंजेक्शनं आहेत, आणि ही काडीही तशीच सुईने आत सोडतात. ती पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाहीत, मर्यादा मात्र घालता येते. आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांच्या एकसारख्या पॉलिसीत ती मर्यादा विम्याच्या रकमेच्या ५० टक्के आहे. मी हे पॉलिसीतल्या कलमासकट लिहून पाठवलं आणि शेवटी, दाद मिळाली नाही तर सांताक्रूझला विमा लोकपालाकडे जाईन, असंही लिहिलं. तिथे तक्रारीला फी नसते. तीन आठवड्यांत २४ हजार जमा झाले. डब्यावरचा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या आणि बॅच नंबर असलेलं औषधाचं वेगळं बिल मागून घ्या, कारण आमच्याकडे त्यावरूनच आठवडा गेला.

विमा नसेल आणि उत्पन्न कमी असेल तर धर्मादाय रुग्णालयात आधी समाजसेवा अधिकाऱ्यांना गाठा. तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखलेल्या असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड बरोबर न्या, आणि इम्प्लांट त्यात बसतं का ते तोंडी नको, लेखी घ्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. वडिलांचं त्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का? आईचं आधीच झालं होतं, म्हणून तो खर्च आम्हाला आला नाही. झालं नसेल तर या काडीने मोतीबिंदू लवकर पिकू शकतो, आणि मग ते बिलही याच हिशेबात धरावं लागेल. तेवढं खाली कळवा.