कथील, कथीर आणि छपरावरचा पत्रा

बडोद्याच्या दांडिया बाजारातून प्रश्न आला आहे: "आम्ही कथील म्हणतो, शेजारचे गुजराती कथीर म्हणतात. आपला शब्द त्यांचाच बिघडून झालाय का? आणि छपराच्या पत्र्याला कथिलाचा पत्रा म्हणावं का?"

पत्र्याचं आधी. म्हणू नये. तो लोखंडाचा असतो आणि त्यावर जस्ताचा थर असतो. 'टीनचा पत्रा' ऐकून तर माझे कान किटले आहेत; टीन म्हणजे इंग्रजीत कथीलच. तांब्यात जस्त घातलं की पितळ, कथील घातलं की कासं. इतका फरक असलेल्या दोन धातूंना एका नावानं कसं हाकारता? कल्हई मात्र कथिलाचीच. ते २३२ अंशांना वितळतं, म्हणून तर नवसागर टाकून तापल्या पातेल्यात बोळा फिरवला की लगेच पसरतं.

आता 'बिघडून'. मुळीच नाही! दोन्ही शब्द सख्खे भाऊ, संस्कृत 'कस्तीर'चे. मस्तकाचा माथा झाला, पुस्तकाची पोथी झाली, तसाच इथेही 'स्त'चा 'थ' झाला. गुजरातीनं शेवटचा 'र' राखला, आपण त्याचा 'ल' केला.

आणि हा कस्तीर कोण? ग्रीक 'कासितेरोस'! होमरच्या काव्यात अकिलीससाठी देव पोटऱ्यांचं कवच घडवतो ते ह्याच धातूचं. काही कोशकार बाण उलटा फिरवतात, शब्द इथून ग्रीसला गेला म्हणतात आणि पाणिनीचं 'कास्तीर' पुढे करतात. अहो, पाणिनीच्या त्या सूत्रात 'नगरे' असं स्वच्छ लिहिलंय! ते गावाचं नाव आहे, धातूचं नव्हे. धातूसाठी वेदातला शब्द त्रपु. वाजसनेयी संहितेत 'सीसं च मे त्रपु च मे' आहे, कस्तीर नाही. घरचा शब्द असताना दुसरा आला, तो मालाबरोबरच आला असणार.

माल कुठे उतरत होता तेही लिहिलेलं आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' ह्या ग्रीक नौकानयनाच्या पुस्तकात बारिगाझा बंदरात येणाऱ्या मालाची यादी आहे: दारू, तांबं, कथील, शिसं. बारिगाझा म्हणजे भरूच, बडोद्याहून गाडीनं दीड-दोन तासांवर. माझं ठाम मत आहे की हा शब्द नर्मदेच्या मुखाशी जहाजातून उतरला आणि तिथूनच गुजरातीत नि मराठीत पांगला. तुमच्या शेजाऱ्यांना भरूचचा हा दाखला जरूर सांगा.