दोन महिने गप्प बसलेला पत्रकार

पत्र (संक्षिप्त): ‘आमचा मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीला 61 टक्के. अडीच वर्षांपूर्वी आम्ही यूट्यूबवर तालुक्याच्या बातम्यांचं चॅनेल सुरू केलं, आज 38 हजार सबस्क्रायबर आहेत. आम्ही प्रेस कार्ड काढून दिलं, लोगोचा बूम (माईक) करून घेतला, 6 जानेवारीला पत्रकार दिनाला सत्कार घडवून आणला. मध्यंतरी त्याने एका दूध डेअरीवर भेसळीचा व्हिडिओ टाकला, तो चुकीचा निघाला. व्हिडिओ काढून टाकला, विषय संपला. पण तेव्हापासून दोन महिने तो काहीच टाकत नाही. बूम माळ्यावर टाकलाय. सध्या तो नागरिक पत्रकारच आहे. कॉलेज सोडून पुण्यातला 1 लाख 20 हजारांचा डिजिटल पत्रकारितेचा कोर्स केला तर प्रोफेशनल होईल का? शंभर टक्के नोकरी देतात म्हणे. सीट धरायला दहा हजार भरलेत. त्याचा आत्मविश्वास परत कसा आणायचा?’
एक पालक, बार्शी तालुका

नमस्कार.

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी हातात पेन्सिल घेतली. चॅनेल ‘आम्ही’ सुरू केलं. कार्ड, बूम, सत्कार, सगळं आम्ही. भेसळीचा व्हिडिओ मात्र ‘त्याने’ टाकला. आणि तो काढून टाकला कुणी, तर त्या वाक्याला कर्ताच नाही.

पत्राचं तिसरं पान मी इथे छापलेलं नाही, पण त्यातल्या दोन ओळींबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती क्लिप रात्री नऊला तुमच्या ग्रुपवर आली. मुलगा म्हणाला, ‘सकाळी डेअरीवर जाऊन येतो, मग बघू.’ तुम्ही म्हणालात, ‘तोवर दुसरा कुणीतरी टाकेल.’ साडेनऊला व्हिडिओ गेला, वर तुमच्याच गावच्या डेअरीचं नाव. पुढे कळलं की क्लिप दुसऱ्याच राज्यातली होती. अन्न व औषध प्रशासनाचा नमुना स्वच्छ आला, पण तोवर आठ दिवस अर्ध्या गावाने त्या डेअरीला दूध घातलं नव्हतं. हे सगळं तुम्हीच लिहिलंय, आणि शेवटी ‘विषय संपला’ असंही तुम्हीच लिहिलंय.

विषय तुमच्यापुरता संपला असेल. त्या मुलाला तर रोज त्याच रस्त्याने कॉलेजला जावं लागतं.

मी तुमचं चॅनेल उघडून बसलो. खाली खाली जात अगदी सुरुवातीच्या व्हिडिओंपर्यंत गेलो. तिथे लोगो नाही, बूम नाही, मोबाईल हलतोय. एका शेतकऱ्याच्या हातात कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आहे. तुमचा मुलगा त्या पट्टीवरची एकेक कपात बोट ठेवून मोठ्याने वाचतो: हमाली, तोलाई, मोटारभाडं. मग तीच पट्टी घेऊन व्यापाऱ्याकडे जातो आणि ‘ही रक्कम कशाची?’ असं विचारतो. व्यापारी वैतागून का होईना, उत्तर देतो, आणि ते उत्तर न कापता ठेवलंय. अकराशे लोकांनी पाहिलेला चार मिनिटांचा हा व्हिडिओ तुमच्या चॅनेलवरची सगळ्यात चांगली बातमी आहे. त्यानंतर तुमचा बूम येतो आणि भाषाच बदलते. ‘खळबळ’. ‘पाहा नेमकं काय घडलं’. मधेमधे नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा.

आत्मविश्वास परत आणायला तो हरवलेला असावा लागतो. मला वाटतं, या मुलाला आपण काय केलं ते नीट कळलंय, आणि घरात ते बोलायला माणूस नाही.

आता ते कार्ड. अडीच हजार रुपये देऊन एका संघटनेकडून घेतलंत आणि त्यावर ‘भारत सरकार नोंदणीकृत’ असं छापलंय म्हणता. आपल्याकडे पत्रकार व्हायला परवाना लागतच नाही. डॉक्टरला लागतो, वकिलाला सनद लागते, तुमच्या कृषी सेवा केंद्रात कीटकनाशक विकायलाही परवाना लागतो. बातमी द्यायला लागत नाही. राज्यघटनेच्या 19व्या कलमाने बोलण्याचं जे स्वातंत्र्य तुम्हा-आम्हाला दिलंय तेच संपादकाला आहे, त्याच्यासाठी वेगळं कलम नाही. दिल्लीत नोंदणी होते ती नियतकालिकाची, माणसाची नव्हे. पूर्वी ती 1867 च्या कायद्याखाली व्हायची, मार्च 2024 पासून नव्या कायद्याखाली होते, आणि यूट्यूब चॅनेल काही नियतकालिक नव्हे. संघटना नोंदणीकृत असेलही, तसं भजनी मंडळही असतं. सरकार पत्रकाराला देतं ती अधिस्वीकृती. ती राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून, अनुभवाची वर्षं मोजून, समितीमार्फत मिळते. तिनेही सवलती आणि प्रवेश मिळतो, एवढंच. ती नसलेले पत्रकारही रोज उत्तम काम करतातच. बदनामीचं कलम, आता भारतीय न्याय संहितेचं 356, कार्ड बघत नाही आणि सबस्क्रायबरही मोजत नाही. डेअरीवाल्याने अजून वकिलाची नोटीस पाठवलेली नाही, हा त्याचा भलेपणा समजा. तेव्हा गाडीच्या काचेवरचं ते ‘प्रेस’ आधी खरवडून काढा. गाडी तुमची, तुमचं दुकान खताचं.

कोर्स केला की नागरिक पत्रकाराचा प्रोफेशनल होतो का, हा तुमचा प्रश्न. मी या सल्ल्याच्या कामात येण्याआधी सहा वर्षं एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो. पहिल्याच वर्षी एका रात्री अकराला अपघाताची बातमी आली. मयताचं नाव बरोबर घेतलं, गावाचं नाव फोनवर नीट ऐकू आलं नाही, ते मी अंदाजाने लिहिलं. सकाळी त्या गावात, त्याच नावाच्या माणसाच्या दारात, पाहुण्यांनी भरलेला टेम्पो येऊन उभा राहिला. बायका रडतच खाली उतरल्या. हा ओट्यावर दात घासत बसलेला. दुपारी तो आमच्या ऑफिसात आला. ओरडला नाही. म्हणाला, ‘पाहुण्यांच्या चहा-नाष्ट्यालाच चारशे गेले, साहेब.’ आमच्या मुख्य उपसंपादकांनी खुलासा मलाच लिहायला लावला आणि तीनदा फाडला, कारण तिन्ही वेळा मी त्यात ‘अनवधानाने’ घातलं होतं. ‘अनवधान कुणाचं? तुझं ना? मग तसं लिही.’

पत्रकारितेची पदवी माझ्याकडे तेव्हाही होती. मला शिकवलं ते त्या फाडलेल्या कागदांनी.

नागरिक पत्रकारितेचं नाव निघालं की दक्षिण कोरियाच्या ओहमायन्यूज या बातम्यांच्या संकेतस्थळाचा दाखला देतात. 2000 साली 727 नागरिक वार्ताहरांना घेऊन ते सुरू झालं, ‘प्रत्येक नागरिक वार्ताहर’ हे त्यांचं ब्रीद. पण लोकांनी पाठवलेलं जसंच्या तसं चढवत नसत, पगारी संपादक ते वाचून मगच घेत. छत्तीसगडच्या सीजीनेट स्वर या फोनवरच्या बातमीसेवेवर आदिवासी भागातला माणूस साध्या फोनवरून आपली तक्रार सांगतो, तीही आधी कुणीतरी ऐकून पडताळतं, मग ती सगळ्यांना ऐकू जाते. म्हणजे बातमी अडवणारं कुणीतरी तिथेही आहे. तुमच्या चॅनेलवर ते काम करणारा एकच माणूस होता, ‘सकाळी जाऊन येतो’ म्हणणारा. त्याला तुम्ही अर्ध्या तासात गप्प केलंत.

एका क्लिपचं एवढं काय, असं तुमच्या मनात येत असेल. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, बहुतेक तुमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली. अफवा मोबाईलवरून फिरत होती. पुढे पाठवणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना आपण गावाला सावध करतोय, असंच वाटत असणार.

छापील पेपरवाले धुतल्या तांदळाचे आहेत, असं मी म्हणणार नाही. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या मोठ्या दैनिकांनी उमेदवारांची भलामण बातमी म्हणून कशी छापली, ते पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं आणि प्रेस कौन्सिलला त्यावर समिती नेमावी लागली. तालुक्याच्या वार्ताहराला पगार म्हणावा असा काही मिळत नाही, त्याचं घर जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. मग ज्याची जाहिरात त्याच्याविरुद्ध बातमी कोण करणार? तुमच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा याच वाटेवरच्या आहेत, म्हणून सांगतोय.

कॉलेज सोडू देऊ नका. पदवीनंतर त्याची इच्छा असेल तर पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, सोलापूर विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग किंवा आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्थान) अमरावती केंद्रातली मराठी पत्रकारितेची पदविका, यांपैकी कुठेही प्रवेश परीक्षा देऊन बघता येईल. स्पर्धा परीक्षेचंही तुम्ही विचारलंय, ते त्यालाच ठरवू द्या. तोवर सुट्टीत एखाद्या जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर, पानं लागतात त्या वेळी, दोन महिने बसू दे. पैसे मिळणार नाहीत. रागीट मुख्य उपसंपादक मिळाला तर नशीब. त्याला बाजार समितीची पट्टी वाचता येते, हे भांडवल आहे, कारण शेतमालाच्या बाजारावर नीट लिहिणारी माणसं मराठीत हवी तितकी नाहीत. पण हा निर्णय त्याचा. त्याने माळ्यावरून बूम उतरवलाच नाही, तरी त्याचं काही बिघडलं असं समजू नका.

त्याआधी एक काम आहे, आणि ते तुमचं आहे. डेअरीवाल्याकडे जा. मुलाला पुढे करू नका. ‘घाई मी केली,’ असं म्हणा. मोबाईल खिशात ठेवा, ही भेट चॅनेलवर टाकायची नाही. मग खुलाशाचा व्हिडिओ, जितका मोठा तो होता तितकाच, तशाच रात्री साडेनऊला, मथळ्यात ‘आमची चूक’ हे शब्द घालून. बोलायला मुलगा तयार असेल तर त्याने बोलावं, नसेल तर तुम्ही कॅमेऱ्यासमोर बसा. ‘अनवधानाने’ म्हणू नका.

आणि सीटचे ते दहा हजार लेखी अर्ज करून परत मागा. ‘शंभर टक्के नोकरी’ कोणत्या संस्थांत, किती पगाराची, हेही त्याच अर्जात विचारा. पावती जपून ठेवली असेल, अशी आशा आहे.