उद्यापासून इंटर्नशिप आणि सीपीआरची धास्ती?

अरे घाबरू नकोस, सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या पेशंटची छाती दाबून त्याला श्वास देणं, करताना पहिल्या वेळी सगळ्यांचेच हात थरथरतात. कॉलेजात मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) दोन-चार वेळा दाबलं, सर्टिफिकेट मिळालं म्हणजे जमलं असं नसतं, आणि शिकलेलं काही महिन्यांत हातातून जातंच, म्हणून स्किल लॅब उघडी दिसली की दोन मिनिटं दाबून येत जा.

सध्या एवढंच धर:

- नाडी शोधण्यात १० सेकंदांच्या वर घालवू नको, लागतेय की नाही कळत नसेल तर सरळ दाबायला लाग.
- मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब, खोली ५ ते ६ सेंमी. नवीन पोरं घाबरून सुसाट सुटतात आणि मग छाती नीट दबतच नाही.
- दाबून झालं की छाती पूर्ण वर येऊ दे, तिच्यावर रेलून राहू नको.
- २ मिनिटांनी दाबणारा माणूस बदल. इथे हिरोगिरी नको.

माझ्या पहिल्या कोडला (पेशंटचं हृदय बंद पडल्याची हाक) मी कोपर वाकवून, घामाघूम होऊन दाबतोय आणि सिस्टर ओरडल्या, "डॉक्टर, गादी दबतेय, पेशंट नाही!" मग पाठीखाली बोर्ड सरकवला, मी स्टुलावर चढलो, तेव्हा कुठे जमलं.

अंबू बॅग, म्हणजे श्वास द्यायची पिशवी, तीही जोरजोरात पिळायची नसते, श्वासनलिकेत ट्यूब नसेल तर ३० दाबांना २ श्वास, छाती उचलली की बास. औषधं, हृदयाचा ऱ्हिदम वगैरे सिनियर बघतील, ते नंतर शीक.

आणि ड्यूटीवर गेल्या गेल्या क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या सामानाची ट्रॉली) कुठंय, डिफिब (हृदयाला शॉक द्यायचं मशीन) चालू होतो का, अंबू बॅगचा मास्क जागेवर आहे का बघ, आम्हाला एकदा ऐनवेळी मास्कच सापडेना.