दाताचा एक्स-रे दोनदा काढला, वर शिशाचा ॲप्रनही दिला नाही. दवाखाना निष्काळजी आहे का?

ॲप्रनवरून दवाखान्याची पारख करू नका. मी बरीच वर्षं दातांचे एक्स-रे काढते. तुमच्या प्रश्नातला मला खटकलेला शब्द 'दोनदा' हा आहे.

आधी भीती घालवू. एकदोन दातांपुरत्या छोट्या एक्स-रेचा डोस साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट असतो. माती, हवा, आकाश यांतून आपल्याला रोज ६-७ मायक्रोसिव्हर्ट तसेही मिळतात. तरी पहिला एक्स-रे वाया गेला म्हणजे तो डोस फुकट गेला. तेव्हा कारण विचारा. उमासे आले, तोंडात ठेवलेला सेन्सर (चित्र टिपणारी पट्टी) सरकला, मूल हललं, असं होतं. पण मुळाचं टोकच फोटोत नाही किंवा एक कोपरा पांढराफटक आहे (किरणांचा झोत तिथे पोचलाच नाही; आम्ही याला 'कोन कट' म्हणतो), तर चूक काढणाऱ्याची. सेन्सर जागेवर धरून ठेवणारा होल्डर वापरला की हे बहुतेक टळतं. पेशंटला बोटाने सेन्सर धरायला लावत असतील, तर मात्र मी नाक मुरडेन.

फिल्मच्या जमान्यात आमच्याकडे एकदा फोटो फिकट यायला लागले. आम्ही काय केलं, तर टाइमर थोडा वाढवला. पुन्हा फिकट, पुन्हा थोडा वाढवला. मशीन ठणठणीत होतं. फिल्म धुण्याचं द्रावण, म्हणजे डेव्हलपर, दमला होता! ताजं द्रावण केलं आणि जुन्या वेळेतच फिल्म झकास आली. म्हणजे मधल्या काळात आमच्या आळसाचा डोस पेशंटच्या गालात गेला. त्यानंतर ताज्या द्रावणात धुतलेली एक चांगली फिल्म आम्ही व्ह्यूबॉक्सच्या (फिल्म बघायच्या दिव्याच्या पेटीच्या) कडेला चिकटवून ठेवली आणि रोज सकाळी पायऱ्यापायऱ्यांच्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याचा एक्स-रे काढून तिच्याशी ताडू लागलो.

डिजिटलमध्ये गंमत उलटी आहे. डोस कमी पडला तर चित्र दाणेदार दिसतं, थोडा जास्त झाला तर सॉफ्टवेअर सांभाळून घेतं. चित्र छान, त्यामुळे तक्रार कोणीच करत नाही आणि सेटिंग हळूहळू वर सरकत राहतं. म्हणून कोणत्या दाताला, लहान मुलाला किती वेळ द्यायचा, याचा तक्ता मशीनशेजारी लावलेला असावा. तो दिसला की मला बरं वाटतं.

आता ॲप्रन. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्येच सांगितलं की दातांच्या एक्स-रेला ॲप्रन आणि गळ्याची पट्टी नेहमी घालायची गरज नाही. पोटापर्यंत पोहोचणारे किरण नगण्य असतात, आणि ओपीजीत (अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेत) तर पट्टी मध्ये आली की फोटो बिघडतो, मग पुन्हा काढा! त्यापेक्षा किरणांचा झोत सेन्सरएवढा चौकोनी करणारा कॉलिमेटर लावला, तर गोल झोताच्या मानाने डोस निम्म्याच्या आसपास येतो.

तुमचा दुसरा एक्स-रे चांगला आला असेल तर त्याची फाइल मागून घ्या, मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो नको. पुढच्या डॉक्टरांना ती दाखवलीत तर कदाचित तिसरा काढावा लागणार नाही.